लांडग्याचं उत्तर

"म्हाईत न्हाय. उद्या सांगतो." कुणी अडचणीचं विचारलं की असं म्हणून मामा निळा खडू कानावर अडकवायचे आणि उरलेला चहा एका घोटात संपवायचे. धर्म सांगणाऱ्याने अशी कबुली देऊ नये, असं आपल्याला वाटतं. मामा मात्र बिनदिक्कत द्यायचे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात ते चेकिंगला होते, मी डिस्पॅचला. टॉवेल ट्यूबलाइटसमोर धरायचा आणि सुटलेल्या धाग्याभोवती निळा गोल काढायचा, हे त्यांचं काम. दहाच्या चहाला लिंबाखाली बसून येशूची एक गोष्ट सांगायची, हे त्यांचं व्रत. ग्लास संपला की गोष्ट संपली. अकरा वर्षं हा नेम मोडला नाही आणि अकरा वर्षांत आमच्यातलं कुणी त्यांच्या चर्चलाही गेलं नाही. माझेही सोमवार सुटले नाहीत. मामांना त्याचं काही नसायचं. "खरं हाय ते सांगायचं. ऐकणाऱ्याला घाई न्हाय, मलाबी न्हाय."

एकदा त्यांनी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. शंभरातलं एक चुकलं, म्हणून मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्याला शोधायला गेला. यंत्रमागावरचे अण्णा भारी तिरकस. म्हणाले, "आन् हिकडं लांडगा आला म्हंजे? एकापायी नव्याण्णव गेली की!"

आम्ही हसलो. मामाही हसले. "लई बरोबर इचारलं. म्हाईत न्हाय. उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चर्चच्या पाळकसायबांना इचारलं. त्यांचं उत्तर मला पटलं न्हाय." मग आठवडाभर मामा त्याच विचारात. त्या नादात काठ उसवलेल्या टॉवेलांचा अख्खा गठ्ठा त्यांच्या हातून पास झाला.

गठ्ठा परत आला. चेकरच्या नावाची चिठ्ठी गळून पडली होती, त्यामुळे मालकांचा संशय चेकिंगला नव्याने लागलेल्या सुनंदावर गेला. "उद्यापासून येऊ नकोस," म्हणाले. ती रडकुंडीला आली.

गठ्ठा मामांनी पास केलेला, हे डिस्पॅचला मला ठाऊक होतं. मी त्यांना बाजूला घेतलं. "मामा, गप्प बसा. या वयात दुसरं कोण ठेवून घेईल तुम्हाला?"

"हे उद्याचं न्हाय," मामा म्हणाले आणि तडक केबिनमध्ये गेले. "मालक, गठ्ठा माझ्या हातचा. मी लांडग्याचा इचार करत हुतो."

कोणता लांडगा, ते मालकांना कळेचना. कळल्यावर ते चिडता चिडता हसले. सुनंदाची नोकरी राहिली. मामांना मात्र चेकिंगवरून काढून घड्या घालायला बसवलं. खडू गेला, तर मामा कानावर पेन्सिल अडकवू लागले. दहाची गोष्ट चालूच.

पुढे ते थकले आणि केम गावाला लेकीकडे राहायला गेले. दुसऱ्याच दिवशी दहाला सुनंदाचा फोन वाजला. "स्पीकर लाव पोरी. लांडग्याचं अजून म्हाईत न्हाय, तवर दुसरी ऐका." मग रोज दहाला फोन. गेल्या महिन्यात एके सकाळी फोन आला तो लेकीचा. मामा गेले होते.

दहाला आम्ही सवयीने लिंबाखाली बसलो. चहा आला. ग्लास हातात फिरवत अण्णा पुटपुटले, "लांडग्याचं ऱ्हायलंच की."

"ऱ्हायलं न्हाय, अण्णा," सुनंदा म्हणाली. "लांडगा आला की कुणीतरी मधी उभं ऱ्हातं. माझ्या येळंला मामा उभं ऱ्हायलं हुतं."

मला माझं 'गप्प बसा' आठवलं आणि मान वर करवेना. त्या दिवशी कुणीच ग्लास संपवला नाही.