मंगोलियाचे हंस

दुर्बिणीच्या चामडी पिशवीचा कुबट वास आला, की मी पुन्हा के. आर. पुरमच्या तळ्याकाठी उभी असते. डोक्यावरून काळ्या पक्ष्यांची बाणासारखी रांग गेली. आमच्या पक्षिमंडळाचा अध्यक्ष श्रीधर हात मागे बांधून म्हणाला, "पट्टकादंब हंस. मंगोलियाचे. पंखांच्या लयीवरून कळतं."

"मग ओरडत का नाहीत रे?"

"हिमालय ओलांडून आलेत. दमणार नाहीत?"

मला पटलं. त्याच्याजवळ राहायचं म्हणून मी पुण्याची नोकरीही नाकारली.

हंस उडताना गप्प बसत नाहीत आणि ते त्याच तळ्यावरचे पाणकावळे होते, हे फार उशिरा कळलं. श्रीधर कायमचा कॅनडाला निघालाय, हे मात्र महिन्याभरात, मंडळाच्या सभेत जाहीर झालं तेव्हाच कळलं. हार घालायला सगळ्यांनी मलाच पुढे केलं.