भाभीच्या हातचा ताप

आष्ट्याच्या फरीदा मणेरला आसपासच्या वाड्यांत कुणी नावानं हाक मारत नसे. ती सगळ्यांची भाभी. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन ती आली की बायका हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन बसत. भाभी हात हातात घ्यायची, हाडं चेपायची आणि गप्पांच्या नादात बांगडी मनगटावर कधी उतरली ते कळायचंही नाही. वरची एक बांगडी ती फुकट भरायची, आणि बाई मराठ्याची असो की बौद्धवाड्यातली, उठताना भाभीला वाकून नमस्कार करायची. रीतच होती तशी. तोंडानं मात्र भाभी फटकळ. जवळच्याच एका वाडीतल्या मुक्ताबाईला एकदा म्हणाली, तुझा हात म्हणजे रताळं आहे, याला बांगडी नको, कडं घडवायला पाहिजे. मुक्ताबाई पोट धरून हसली होती.

पासष्ट साली गौरीच्या बांगड्या भरून भाभी परतली आणि त्याच आठवड्यात मुक्ताबाईच्या वाडीत ताप शिरला. ताप उतरायचा, पण सांधे धरून ठेवायचा. मनगटं टम्म फुगायची, नव्या बांगड्या मांसात रुतायच्या आणि शेवटी त्या वाढवाव्या लागायच्या. सणासुदीला बाईच्या हातची बांगडी वाढवायची म्हणजे काय, ते सांगायला नको. मुक्ताबाईची अंजना, तुळशीच्या लग्नानंतर लग्न ठरलेली पोर, तिच्याही हातच्या गेल्या.

झालं, गावाला निमित्तच मिळालं. ताप मनगटालाच का धरतो? भाभी तिथंच तर चेपते! आता घोटेही सुजत होते, बाप्यांनाही ताप होता, आणि बाप्यांनी काही बांगड्या भरल्या नव्हत्या. पण एवढा विचार करील ते गाव कसलं? चोर सोडून संन्याशाला फाशी! भाभी पुन्हा आली तेव्हा बायकांनी हात पदराखाली घेतले. मुक्ताबाईनं तर दारातूनच सांगितलं की अंजीचा चुडा भरायला इस्लामपूरचा माणूस सांगितला आहे. हे बोलताना तिनं भाभीकडं बघितलंही नाही.

गाव बोललं त्याचं भाभीला एवढं नव्हतं. तिच्या जिवाला घोर वेगळाच होता. गेल्या हिवाळ्यात म्हसवडच्या जत्रेत बांगड्या विकून ती आली तेव्हा थंडी वाजून पडली होती, हातपाय ठणकले होते. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. तोच ताप आपल्या हातांत दबा धरून बसला असेल तर? इतक्या लेकीसुनांचे हात आपण धरले. स्वतःचेच हात तिला परके वाटू लागले. भाकरी थापतानाही तिच्या मनात यायचं, हे पोरांच्या पोटात तर जात नसेल ना?

अशात पुण्याहून वाडीत जीपगाडी आली. चावडीत एक डॉक्टरीणबाई बसल्या, शेजारी बर्फाची पेटी. आजारी-निरोगी सगळ्यांचंच रक्त थोडं थोडं घेत होत्या. माणसं बिचकत होती. बाईंनी समजावलं, की ताप आला की शरीर त्याच्याशी झुंजतं आणि त्या झुंजीची खूण रक्तात राहते. ताप कुठून कुठं गेला ते त्या खुणांवरून कळतं. वाटेनं जाणारी भाभी कडेला उभी राहून ऐकत होती. ती मागच्या मागं निघायला लागली. तेवढ्यात पोलीसपाटील कोंडीबा म्हणाला, "आदी हिचं घ्या."

सगळी चावडी तिच्याकडं बघायला लागली. नको म्हणावं तर गुन्हा कबूल केल्यासारखं. भाभीनं बाही वर केली आणि नळीत चढणारं रक्त बघत राहिली. मनात म्हणाली, आता हेच माझ्यावर उलटणार.

नंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. रस्त्यावर गाडी वाजली की जीव टांगणीला. आणि एक दिवस तिलाच ताप भरला. मनगटं सुजली, हातातल्या स्वतःच्या हिरव्या बांगड्या रुतल्या. नवरा सिकंदर पकड घेऊन आला, तर तिनं हात मागं घेतला. "तू जिता हाईस तवर ह्या फुटायच्या न्हाईत," म्हणाली. बोटं काळीनिळी पडायला लागली तरी ऐकेना.

डॉक्टरीणबाई दुसऱ्यांदा रक्त घ्यायला वाडीत आल्या आणि त्यांनी भाभीची चौकशी केली. घर दाखवायला कोंडीबानं मुक्ताबाईला जीपमध्ये बसवून दिलं. मुक्ताबाई आष्ट्यापर्यंत मान खाली घालून बसली होती.

बाईंनी भाभीचे हात बघितले आणि म्हणाल्या, "तुमच्या पहिल्या रक्तात या तापाची खूण नव्हती. तेव्हा वाडी तापानं फणफणली होती, पण तुम्हाला तो शिवलाही नव्हता. हा आत्ता झालाय, डास चावून."

"आन् गेल्या हिवाळ्यात म्हसवडहून आल्यावर भरल्याला ताप?" भाभीच्या तोंडून निसटलं.

"तो कसला ते सांगता यायचं नाही. पण हा नव्हे."

भाभी भिंतीला टेकली आणि ढसाढसा रडायला लागली. दुखण्यानं रडते आहे असं सिकंदरला वाटलं. मुक्ताबाईला मात्र उमगलं. ताप भाभीनं वाडीला दिला नव्हता. उलट दारोदार हिंडणाऱ्या भाभीला तो वाडीनंच दिला होता.

मुक्ताबाईनं खोबरेल तेल मागितलं आणि समोर बसून म्हणाली, "हात दे."

"नगं. पोरीचं लगीन हाय तुझ्या."

"दे म्हंते न्हवं."

तिनं तो सुजलेला हात मांडीवर घेतला, तेल चोळलं, आणि इतक्या वर्षांत भाभीनं जसा तिचा हात चेपला होता तसाच चेपत एकेक बांगडी उतरवली. भाभीनं ओठ दाताखाली धरले होते. बांगडी एकही फुटली नाही. हात मोकळे झाल्यावर मुक्ताबाई म्हणाली, "अंजीचा चुडा तूच भरायचास. इस्लामपूरचा न्हाई यायचा."

"ह्या बोटांनी?"

"तू नुसता हात लाव. चेपाय मी हाय."

मग ती उठली. आज एकही बांगडी भरली नव्हती, तरी उठताना ती भाभीपुढं वाकली.