चातुर्मासातला सेल

“या शाळेत कांदा येणार नाही,” हेडमास्तर म्हणाले. “चातुर्मास लागलाय.”

“सर, सायन्सला कसला आलाय चातुर्मास?”

“सायन्सला नसेल. मला आहे.”

उद्या इन्स्पेक्शन होतं. शाळेचा पितळी मायक्रोस्कोप वर्षाच्या बोलीवर मिळालेला. इन्स्पेक्टर साहेबांना त्याचा उपयोग दिसला नाही, तर तो दुसऱ्या शाळेला जाणार होता. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला पहिला माणूस मी. नागपूरहून बी.एस्सी. होऊन आलो, ते या यंत्रावर शिकवण्यासाठी. ते गेलं की फळ्यावर खडूनं चौकोन काढत बसायचं.

सेल म्हणजे जिवाची सगळ्यात लहान खोली. झाड असो की माणूस, याच खोल्यांनी बांधलेलं. कांद्याच्या पापुद्र्यात त्या सहज दिसतात, म्हणून सगळे मास्तर कांदाच सोलतात. मला दुसरं काही शोधणं भाग होतं.

त्याच दिवशी वडनेरहून माझे वडील बैलगाडीनं आले होते. बारवेत लांब दोऱ्यासारखी, इवल्या पानांची वनस्पती वाढते. आमच्याकडे तिला नुसतं शेवाळच म्हणतात. वडिलांनी ती बैलांच्या पाठी घासायला म्हणून सोबत घेतली होती. एक पान मी काचेवर ठेवलं, आरशानं ऊन धरलं आणि डोळा लावला.

मी किती वेळ वाकून होतो, आठवत नाही. खोल्या हिरव्या होत्या. प्रत्येक खोलीत हिरवे दाणे भिंतीच्या कडेनं, एकामागे एक, संथपणे वाहत होते. हे दाणे उन्हावर झाडाचं अन्न शिजवतात, आणि प्रोटोप्लाझम नावाचा जिवंत रस त्यांना फिरवतो. पुस्तकात वाचलं होतं. पाहिलं तेव्हा श्रावणातलं ऊन कुठूनतरी खोल पाण्यात उतरतंय आणि मीही त्यासोबत उतरतोय, असं वाटलं.

शेवाळ ताजं राहावं म्हणून मी ते रांजणाच्या गार पाण्यात ठेवलं, घरी भाजी ठेवतात तसं.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. साहेबांनी डोळा लावला.

“भिंती दिसतात. बाकी?”

“दाणे फिरतात, सर.”

“कुठे? सगळे बसलेत. मास्तर, एवढ्यासाठी चित्र पुरे आहे.”

मी पाहिलं. खरंच, एकही दाणा हलत नव्हता. हेडमास्तर खिडकीबाहेर पाहू लागले. साहेबांनी मायक्रोस्कोपची पेटी मागवली.

वडील दाराशी उभे होते. “किसना, रातभर रांजणात ठेवलं ना बे तू त्याले?”

“हो, बाबा.”

“मंग अकडलं असन ते. थंडीत बैल तरी उठते का लवकर? ऊब दे त्याले.”

साहेब हसले, पण थांबले. वडिलांनी काच दोन्ही तळव्यांत धरली. शेतातल्या हातांची ऊब होती ती. थोड्या वेळानं ढग पांगले, खिडकीत ऊन आलं. मी काच परत लावली. आधी एक दाणा सरकला. मग दुसरा. मग सगळी हिरवी रांग चालू लागली.

साहेब वाकले, ते वाकूनच राहिले. हेडमास्तरांनी घसा खाकरला, तरी उठले नाहीत. उठले तेव्हा त्यांनी वडिलांना जागा दिली. “पाहा, पाटील.”

“एक डोया झाका, बाबा.”

वडिलांनी पाहिलं. “खळं हाये हे,” ते हळूच म्हणाले. “मळणीचे बैल हिंडून राह्यले. पन सायेब, हाकनारा दिसत नाही.”

“तो अजून आम्हालाही दिसलेला नाही,” साहेब म्हणाले आणि पेटी परत पाठवली.

मायक्रोस्कोप राहिला. पुढच्या चातुर्मासात हेडमास्तरांनीच मला विचारलं, “शेवाळ आलं का?” मी अजूनही काच लावण्याआधी तळहातावर धरतो. पोरांना सांगतो, हलत नाही म्हणून लगेच वहीत ‘मृत’ लिहू नका. आधी हात गरम आहे का ते पाहा. बी.एस्सी.ला हे कोणी शिकवलं नव्हतं.