शेरवानीतला विद्यार्थी
ट्रंकेतून डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला गुलबर्ग्यातली आमची ओसरी आठवते. निजामाचं राज्य गेलं, कचेरीत उर्दूच्या जागी इंग्रजी आली आणि माझ्या वडिलांना, अप्पांना, इंग्रजीची परीक्षा द्यायची वेळ आली. नापास झाले तर नोकरी जाणार होती. घरात इंग्रजी शिकणारी मी एकटीच, म्हणून त्यांची शिकवणी माझ्याकडं आली. पहिल्याच रविवारी, भर उन्हाळ्याच्या दुपारी, अप्पा ट्रंकेतली, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी ठेवणीतली शेरवानी घालून, टोपी चढवून माझ्यासमोर चटईवर बसले. आई हसत म्हणाली, "पोरीपुढं शेरवानी कामून घालायलाव?" अप्पा गंभीरपणे म्हणाले, "उस्तादापुढं उघड्या डोक्यानं बसत न्हाईत." त्या दिवशी 'रन' हा शब्द होता. माणूस पळतो तेही रन, नदी वाहते तेही रन, दुकान चालवायचं तेही रनच. घामानं निथळत अप्पा म्हणाले, "एका शब्दाला किती कामं लावल्यात गं!" आणि सगळे अर्थ पुन्हा विसरले. मी वैतागून पुस्तक मिटलं. अप्पा उठले, वाकून मला आदाब केला आणि म्हणाले, "चुकलं, उस्ताद. पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. अप्पा पास झाले. पुढं मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवली, पण एखादं पोर उभं राहून "पुन्हा सांगा" म्हणालं की मला कधी चिडताच आलं नाही.