पेटीतलं रान

लेकीने पाळलेला परदेशी जातीचा छोटा अजगर आधी काचेच्या पेटीत, वर्तमानपत्रावर वेटोळं करून पडलेला असायचा. भीती वाटायची, पण ती एका जागी असायची. मग तिने पेटीत माती भरली, शेवाळ लावलं, सोसायटीतल्या बदामाची वाळकी पानं पसरली. मनीप्लांटचा वेल तर मीच माझ्या कुंडीतून काढून दिला. आता तिथे छोटं रानच झालंय आणि साप दिसत नाही.

"दिसत नाही म्हणजे तो खूश आहे, आई," ऑफिसला निघताना ती म्हणाली. "उघड्यावर त्याला भीती वाटते."

त्याची गेलेली भीती बहुधा माझ्याकडे आली. लपायला जागा मिळाली की घर होतं, हे मला पटतं. मीही दाराला कडी लावल्यावरच निवांत होते. पण हल्ली बाल्कनीतल्या मनीप्लांटला पाणी घालतानाही मी आधी काठीने पानं बाजूला करते.

आज पेटीतल्या झाडांवर पाणी फवारायचं काम माझ्याकडे आहे. झाकण सरकवलं, बराच वेळ शोधलं, तो कुठेच नव्हता. बाटली धरलेला हात आत घातला, तेवढ्यात माझ्याच वेलाचं एक पान हललं.

काचेच्या आत वारा येत नाही.