चार पिशव्या आणि एक कॅमेरा

तिला सगळे काजवालीच म्हणायचे. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात दिवसभर काजं करायची, बटणं लावायची. कारखान्याच्या खाली एका म्हाताऱ्या फोटोवाल्याचं दुकान. त्याचे पडदे हिने शिवून दिले, त्याने हिला फोटो काढायला शिकवलं. मग म्हाताऱ्याने दुकान बंद केलं, कॅमेरा लेकाने नेला, आणि हिचे हात रिकामे ते रिकामेच.

तेवढ्यात शाळेच्या मोठ्या बाईंचा निरोप. दोनशे पोरांच्या ओळखपत्रांचे फोटो काढायचेत, म्हाताऱ्याने तुझं नाव सांगितलंय. सोमवारी स्वतःचा कॅमेरा घेऊन ये. जमलं तर दरवर्षीचं काम तुझं, नाहीतर दुसरा बघते.

आता आली का पंचाईत! गाठीला वीस हजार, वर दमडी नाही. पण बाई शिवणातली. कापडाच्या नादात दोऱ्याचे पैसे खायचे नाहीत, हे हाडात मुरलेलं. तिने उरल्यासुरल्या कापडाच्या चार पिशव्या शिवल्या. एकीत कॅमेऱ्याचे बारा, दुसरीत लेन्सचे चार, तिसरीत जादा बॅटरी नि कार्डाचे दोन, चौथीत दिव्याचे नि पांढऱ्या पडद्याचे दोन. प्रत्येकीला घट्ट गाठ.

शनिवारी धाकट्या दिराला घेऊन जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेली. दुकानदाराने काढला एक काळाभोर, चकचकीत. "लेन्ससकट अठरा."

"माझे सोळाच आहेत हो."

"मग राहू द्या. एकजण घ्यायला निघालाच आहे, आत्ताच फोन आला."

दीर कानाशी लागला, "वहिनी, तिसरी पिशवी सोडा की! बॅटरी नंतर घेऊ. हा हातात बघून मोठ्या बाई खुर्चीतून उठतील."

"भावजी, ते दोऱ्याचे पैसे आहेत."

"दोरा काय घेऊन बसलात! कॅमेऱ्याला काजं करणार आहात का?"

दुकानदार घड्याळ बघतोय, दीर कोपराने ढोसतोय. आणि काय सांगू, सोडली की हो तिने तिसरी गाठ! अठरा हजार काचेवर ठेवले. दुकानदाराने वर पंजा ठेवला.

पण हाताची सवय कुठे जाते? कात्री लावायच्या आधी कापड उजेडाला धरायचं. तिने लेन्स सोडवली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. आत बघते तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू!

"धूळ आहे ती, पुसली की जाते."

तिने रुमालाने पुसलं. हलेना. ओल लागलेल्या काचेत आतून बुरशी धरते, फोटोवर धुकं येतं, म्हाताऱ्याने एकदा दाखवलं होतं.

"पैसे द्या माझे."

"व्यवहार झाला, बाई." पंजा तसाच.

एवढ्या वर्षांची काजं त्या पंजाखाली! तरी ती म्हणाली, "कात्री लागलेली नाही, कापड अजून तुमचंच. हात उचला. नाहीतर तुमचा तो एकजण येतोय ना, त्यालाच दाखवते हे जाळं."

पंजा हळूहळू उठला.

मग तिने खालच्या फळीवरचा एक खरचटलेला कॅमेरा मागितला. लेन्स, कार्ड, सगळं उजेडाला धरून, चार-चार फोटो काढून बघितलं. बाराचा कॅमेरा, चारची साधी लेन्स, दोनमध्ये कार्ड नि जादा बॅटरी, उरलेल्या दोनमध्ये दिवा नि पांढरा पडदा. बाहेर आल्यावर दीर फुरंगटला, "उंदराने कुरतडल्यासारखा दिसतोय."

"फोटो पोरांचे काढायचेत भावजी, कॅमेऱ्याचे नाही."

सोमवारी पोरं रांगेत उभी. मोठ्या बाईंनी तो खरचटलेला कॅमेरा बघितला, ओठ मुडपले. एकशे तीस झाले, आणि पुढच्या पोरीने हसायला तोंड उघडलं तेवढ्यात कॅमेरा बंद! पोरी खिदळल्या. मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या. दिव्याशी उभा असलेला दीर पांढराफटक.

"संपलं का तुझं?" बाईंनी विचारलं.

काजवालीने कमरेची तिसरी पिशवी सोडली, दुसरी बॅटरी काढली, बसवली. "हसत राहा गं, बाळ."

दोनशेवा फोटो झाल्यावर मोठ्या बाईंनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक चेहरा बघितला. "मोठ्या वर्गांचे शुक्रवारी करू," म्हणाल्या.

परत जाताना दीर आपणहून म्हणाला, "वहिनी, ती दोऱ्याची पिशवी माझ्याकडे द्या, चार्जिंगला मी लावतो."

"आधी उजेडाला धरून बघा, मगच लावा," ती म्हणाली.