भाटघरच्या होडीचं मत

गेनबाला धरणाच्या पाण्याकडे बघत बसायचं वेडच होतं. खाली त्याचं जुनं गाव बुडालेलं. डोळे अर्धे मिटले की त्याला पाण्यातून संथ चालणारी गुरं दिसत, ओट्यावरचा बाप दिसे. बायको अंबूबाई म्हणे, "ह्यांचं अंग हितं न् जीव तळाला." काय खोटं होतं त्यात?

पण त्या पाण्यानं काठावरचं नवं गावही तोडलं होतं. बाळंतीण अडली तर डोंगराला वळसा घालून भोर गाठायचं, अख्खा दिवस जायचा. थोरली सून सखू तशीच वाटेत गेली. म्हणून गावानं गेनबाला भोर संस्थानच्या कौन्सिलात निवडून धाडलं, एक होडी मागायला. त्यानं मागितली, कौन्सिलानं खर्च मंजूरही केला.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. चार महिन्यांत दिवाणसाहेबांनी तो पैसा पाहुण्यांच्या बंगल्याकडे वळवायचा ठराव आणला. कौन्सिलानं एका कामाला दिलेला पैसा दुसरीकडे न्यायचा, तर दिवाणालाही कौन्सिलाचा होकार लागे, एवढं बरं. होकार असेल त्यानं उभं राहायचं, नसेल त्यानं बसून. आता सांगा, साहेब उभा असताना आमच्या खोऱ्यातला माणूस बसेल कसा? त्याचे पाय त्याला न विचारता उठतात. मागच्या दोन ठरावांना गेनबा असाच अदबीनं उठला होता आणि नको तिथं मोजला गेला होता.

"या खेपेला उठू नका," शेजारी बसलेले आनंदराव वकील कानाशी लागले. "बसणं म्हणजेच नाही."

"व्हय," गेनबा म्हणाला.

दिवाणसाहेब उभे राहिले. आवाज मऊ, खिडकीत दुपारचं ऊन. गेनबाचे डोळे मिटत आले. पाण्यावर होडी चालली होती. होडीत तो होता आणि समोर सखू, मांडीवर बाळ घेऊन. त्याला लई बरं वाटलं. कुठंतरी लांब खुर्च्या सरकल्या, माणसं उठू लागली. सवयीनं गेनबाचेही गुडघे हलले.

"मामंजी, बसून ऱ्हावा," सखू म्हणाली. "होडी कलंडंल."

गेनबानं खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या.

खांद्यावर हात पडला. "गेनबा, ठराव पडला," आनंदराव म्हणाले. "एका मतानं. होडी राहिली. उठा आता."

गेनबा जागचा हलला नाही. गालांवरून पाणी ओघळत होतं.

"जरा थांबा," तो म्हणाला. "आधी तिला उतरू द्या."